सांडपाणी समितीतलं माझं मौन

बुधवार, ६ मार्च. संध्याकाळ
कौन्सिलच्या पाणी-सांडपाणी समितीची आज पहिली मीटिंग. माझी बायको रोइमाता, तिच्या जागी भावकीने मला पाठवलं आहे. ती या खुर्चीवर नऊ वर्षं बोलली, तेव्हा खुर्चीला मत नव्हतं. भांडून भांडून गेल्या जुलैत तिने मत मिळवलं, आणि सप्टेंबरात ती गेली. एकदाही हात वर करायला मिळाला नाही तिला. ते मत आता माझ्याकडे आहे.
विषय एकच. गावाचं सांडपाणी शुद्ध करून पाइपने आमच्या खाडीत सोडायचं, की वर माळावर जमिनीत जिरवायचं? खाडीत सोडलं तर तिथल्या तिसऱ्या, आमचे शिंपले, संपल्या. आमच्या सात पिढ्यांनी त्या खाल्ल्या आहेत. निर्णय ३ जुलैला.
माझी तयारी उत्तम आहे. चौतीस वर्षं सर्व्हे ऑफिसात नकाशे काढले. आज बोललो नाही. पहिल्याच दिवशी तोंड उघडणं शोभत नाही. अध्यक्ष लिनेटबाईंनी सुरुवातीची प्रार्थना मला म्हणायला सांगितली. सगळे उभे राहिले. चांगलं वजन पडलं.

गुरुवार, ७ मार्च
ठरवलं. रोज सकाळी अर्धा तास मोठ्याने बोलायचा सराव.

शुक्रवार, ८ मार्च
सराव नाही. घसा जरा धरल्यासारखा वाटला. बागेत चौदा फेऱ्या मारल्या. घरात बसवत नाही.

बुधवार, ३ एप्रिल
आज बोलणारच होतो. इंजिनियर क्रेग पाइपची माहिती देत होता. तो थांबला तसा मी उभा राहिलो. आमच्या मराएवर, भावकीच्या सभाघरात, ज्याला बोलायचं तो उभा राहतो, बाकीचे आपोआप गप्प होतात. कुणाची परवानगी लागत नाही. इथे माइकचं बटण दाबायचं, लाल दिवा लागायचा, मग नाव पुकारलं जायचं. मला ते माहीत नव्हतं. लिनेटबाई माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाल्या, हेनारे, डावीकडे दुसरं दार.
गेलो. नाही कसं म्हणणार? हात धुऊन आलो. तोवर पुढचा विषय सुरू झाला होता.
एकंदरीत मीटिंग ठीक झाली. मी उभा राहिलो हे सगळ्यांनी पाहिलं.

रविवार, ७ एप्रिल
दुपारी मेव्हणीकडे जेवायला. वाइरेका रोइमाताची धाकटी बहीण, पण जीभ थोरलीची. विचारलं, भाऊजी, किती बोललात? मी सांगितलं, अजून योग्य वेळ आली नाही. शिवाय मी दुखवट्यात आहे. आमच्यात घरची माणसं मयताजवळ गप्प बसतात, त्यांच्या वतीने दुसरे बोलतात. नोव्हेंबरात तिच्या थडग्याच्या दगडावरचं कापड सगळ्यांसमोर काढतील, तोपर्यंत मी दुखवट्यातच.
ती म्हणाली, अहो भाऊजी, ते गप्प बसणं तीन दिवसांचं असतं. आणि त्या तीन दिवसांत सूर्य मावळेपर्यंत जेवायचंही नसतं. तुम्ही आत्ता दुसऱ्यांदा मटण घेतलंत.
मी विषय बदलला. मटण छान होतं.

सोमवार, २२ एप्रिल
उत्तम कल्पना सुचली. बोलण्यापेक्षा नकाशा. माझं काम बोलेल. खाडीचा दीड मीटर लांबीचा नकाशा काढायला घेतला. तिसऱ्या कुठे, गाळ कुठे, भरतीचं पाणी कुठवर. झोप कमी झाली आहे, पण हात चालतो आहे.

बुधवार, १ मे
नकाशा टेबलावर पसरला. सगळे उठून आले. असा नकाशा कौन्सिलमध्ये गेल्या वीस वर्षांत कुणी पाहिला नव्हता, असं लिनेटबाई म्हणाल्या. क्रेगने चार फोटो काढले. पाइप नेमका कुठून न्यायचा हा त्याचा मोठा प्रश्न होता, तो सुटला म्हणाला. गाळ टाळता येईल.
माझ्या कामाचा इतका उपयोग झाला याचं समाधान आहे. घरी येताना मात्र का कोण जाणे, गाडी दोनदा थांबवून खाली उतरलो. पाय मोकळे केले.
वाइरेकाला फोन केला नाही.

बुधवार, ५ जून
मीटिंग. प्रार्थना म्हटली. बटण कुठे असतं ते आता नीट पाहून ठेवलं आहे. पुढच्या वेळी.

शनिवार, १५ जून. सकाळी १०
डालग्लिश येऊन गेला. माळाच्या पलीकडचा गाईवाला. समितीवर दहा वर्षं आहे, पण घरी पहिल्यांदाच आला. बूट दाराबाहेर काढले. त्याच्या मोज्याला भोक होतं.
म्हणाला, हेनारे, तुझ्या बायकोने मला भर सभेत तीनदा गाढव ठरवलं. तिन्ही वेळा तिचं बरोबर होतं. पाणी माळावर जिरवलं तर माझ्या कुरणालाच फायदा आहे, म्हणून मी मांडलं तर लोक म्हणतील स्वतःचं बघतोय. ठराव तू मांड. मी लगेच अनुमोदन देतो. आणखी तिघं येतील, मी बोललोय त्यांच्याशी. नऊ जणांत पाच झाले. तू फक्त "मी मांडतो" एवढं म्हण. दोन शब्द. जमेल ना रे?
मी मान डोलावली. चहाबरोबर त्याने पाच बिस्किटं खाल्ली.
म्हणजे जिंकल्यातच जमा. दोन शब्द. मी दोन शब्दांचा माणूसच आहे.

रविवार, १६ जून ते मंगळवार, २ जुलै
सराव: मी मांडतो. मी मांडतो. गाडीत, कोंबड्यांपुढे, थडग्यापाशी. थडग्यापाशी सर्वांत चांगलं जमलं.

बुधवार, ३ जुलै. संध्याकाळी ६
झालं. आज मी पूर्ण ताकदीनिशी विरोध केला.
सविस्तर लिहितो. क्रेगचं संपलं. लिनेटबाईंनी विचारलं, कुणाला दुसरं काही मांडायचंय? डालग्लिश माझ्याकडे पाहायला लागला. मी बटण दाबलं. लाल दिवा लागला. माझं नाव पुकारलं. आणि त्याच क्षणी मला कळलं की दोन शब्द या प्रसंगाला फार थोडे आहेत. नऊ वर्षं ती बोलली. तिच्या खुर्चीवरून मी नुसतं "मी मांडतो" म्हणू?
म्हणून गप्प राहिलो. साधं गप्प राहणं नव्हे. आमच्या सभेत एखादा वडीलधारा असा गप्प बसला की विषय तिथेच थांबतो. त्याचं पटलेलं नाही हे सगळ्यांना कळतं. मग चहा होतो, उद्या पुन्हा बसतात. घरीही असंच. रोइमाताला लाल सोफा घ्यायचा होता तेव्हा मी दोन दिवस बोललो नाही. सोफा आला नाही.
मी पूर्ण एक मिनिट गप्प राहिलो. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. डालग्लिशने डोळे मिटून घेतले, इतका परिणाम. मग लिनेटबाई मऊ आवाजात म्हणाल्या, थँक यू, हेनारे. पुढे त्या काही तरी वाचत होत्या, पण माझे कान भणभणत होते.
पार्किंगमध्ये डालग्लिशने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तोही काही बोलला नाही. त्याला समजलं.

गुरुवार, ४ जुलै
हलकं वाटतंय. वाइरेकाला फोन करून सांगितलं, विरोध नोंदवला. ती इतकी जोरात ओरडली की फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हणाली, भाऊजी, ताई असती तर नाचली असती हो! रविवारी मराएवर सगळ्यांना सांगते.
नको म्हणालो. मग म्हणालो, सांग.

रविवार, ७ जुलै
भावकीतले पन्नास जण होते. म्हाताऱ्यांनी माझे हात हातात घेतले. एका मावशीने गाणं सुरू केलं, सगळे उभे राहून गायले. मी काय बोललो असं कुणीतरी विचारलं. वाइरेकाच म्हणाली, अरे, त्यांच्याकडून बोलणं काय काढताय, करून आलेत ना!

शुक्रवार, १२ जुलै. दुपार
मीटिंगचा वृत्तान्त टपालाने आला. पान चार. "पर्यायी ठराव: कोणी मांडला नाही. विरोध: नाही. खाडीत पाइप सोडण्याचा ठराव एकमताने मंजूर." खाली नऊ नावं. सातवं माझं.
सोबत लिनेटबाईंची चिठ्ठी. माझ्या पाठिंब्याबद्दल आभार. सप्टेंबरात पाइपच्या कामाचा शुभारंभ आहे, प्रार्थना मीच म्हणावी अशी समितीची इच्छा आहे.
वृत्तान्त चुकलेला असू शकतो. टायपिस्ट नवीन आहे. तसं कळवायला फोन उचलला, ठेवला. अंगणात गेलो, आत आलो, परत गेलो.
तीन वाजता वाइरेका आली. तिच्या हातात तोच कागद होता. मला वाटलं आता ओरडेल. मनात उत्तरं तयार केली: बटण, दुखवटा, टायपिस्ट. ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली. कागद टेबलावर ठेवला. चहा दिला, प्यायली. तासभर बसली. एक शब्द नाही.
शेवटी मीच म्हणालो, अगं, काहीतरी बोल.
तिने कप विसळला, पालथा घातला आणि गेली.