पिशवीवरचं नाव

प्रिय आई,

पाकीट बघून हसली असशील. सकाळ-संध्याकाळ फोन करणाऱ्या पोरीला पत्र लिहायचं कसं काय सुचलं, असंही योगेशला विचारलं असशील. पण फोन आला की तू स्पीकर लावून ओट्यावर ठेवतेस. मग माझं बोलणं योगेश ऐकतो, त्याची बायको ऐकते, वाटीभर साखर मागायला आलेली शेजारीण ऐकते. आणि मी या विषयाच्या जवळ जरी गेले, तरी तू ‘ठेवते गं, दूध उतू जातंय’ म्हणतेस. तुझं दूध नेमकं तेव्हाच कसं उतू जातं, देव जाणे. म्हणून पाकीट नीट चिकटवून योगेशच्या हातात दिलंय. एकटी बसून वाच. चष्मा लावून वाच.

मी आत्ताच सकाळची ड्यूटी करून घरी आले. कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायलाच विसरले, भाताचा गोळा झाला. तुझी नात वेदिका क्लासला गेलीय, घर शांत आहे, पण मला शांत बसवत नाही. एक ओळ लिहिते आणि उठते, गॅलरीत जाते, पुन्हा बसते. पंचवीस वर्षांची असल्यापासून लोकांच्या आयांना धीर देतेय, ‘काही नाही होत मावशी, छोटंसं ऑपरेशन आहे’ म्हणून. स्वतःच्या आईची वेळ आली तर मलाच कुणीतरी मावशी म्हणून गप्प करायला हवंय.

तुझ्यावर चिडलेही आहे, तेही सांगून टाकते. वर्षभर सगळं अंगावर काढलंस. कांदे काढायचे होते, मग सुनेचं बाळंतपण, मग काय तर श्रावण. जिना चढताना धाप लागली तेव्हा योगेशनं ओढत आणलं, नाहीतर तू अजूनही बीट खाऊन रक्त वाढवत बसली असतीस. आता गर्भाची पिशवी काढायची आहे आणि अंगात इतकं कमी रक्त असताना डॉक्टर हात लावणार नाहीत. आधी एक बाटली चढवणार, एक ऑपरेशनच्या वेळी हाताशी ठेवणार. तू मला विचारलंस, रक्त कुणाचं असेल, बाईचं की पुरुषाचं. आई, रक्ताला लुगडं-धोतर नसतं. ते तपासलेलं असतं, तुझ्या रक्ताशी जुळवून बघितलेलं असतं. त्या रक्ताला तू अजिबात भिऊ नकोस. मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि त्यासाठी तुला आमच्या वॉर्डात काय झालं ते सांगायलाच हवं. फोनवर सांगितलं नव्हतं, कारण तू घाबरली असतीस. आता जरा घाबरलीस तरी चालेल.

येवल्याकडच्या रंगूबाई म्हणून एक पेशंट होत्या. तुझ्याच वयाच्या, तुझ्यासारख्याच, काही दुखलं तरी ‘बरंय’ म्हणणाऱ्या. त्याच वॉर्डात पलीकडच्या रांगेत आणखी एक रंगूबाई. दोघींनाही रक्त द्यायचं होतं. आमच्याकडे नियम असा, की बाटली लावायच्या आधी दोन सिस्टरनी पेशंटच्या कॉटपाशी उभं राहून पिशवीवरचं नाव, नंबर, गट सगळं वाचायचं. पेशंटच्या मनगटावरची पट्टी बघायची. आणि पेशंटला तिचं पूर्ण नाव तिच्याच तोंडून सांगायला लावायचं. आपण नाव घेऊन ‘हो ना?’ असं विचारायचं नाही. कारण आपली माणसं पांढऱ्या कपड्यातल्या माणसानं काहीही विचारलं तरी हो म्हणतात.

त्या दिवशी संजनाची ड्यूटी होती. संजना म्हणजे मागच्या दिवाळीला मी घरी आणली होती ना, तुझ्या शेवयांची कृती लिहून घेणारी, तीच. फार गुणी पोरगी. तिनं रंगूबाईंना नाव विचारलं. त्या म्हणाल्या, रंगूबाई. संजना म्हणाली, पूर्ण सांगा. बाईंनी पदर पुढं ओढला आणि नुसत्या हसल्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? शेजारच्या कॉटवरच्या बायका पण हसायला लागल्या. संजनाला वाटलं, म्हाताऱ्या बाईला चारचौघांत कशाला लाजवायचं. ‘असू दे मावशी’ म्हणाली आणि पुढं गेली. मनगटावरची पट्टी हात सुजला म्हणून सकाळीच कापलेली, नवी बांधायची राहिलेली. दुसऱ्या सिस्टरनं टेबलावरूनच सही केली, कारण तिच्याकडे एक बाळंतीण अडलेली होती. पलीकडच्या रंगूबाईंची पिशवी या रंगूबाईंना लागली.

मी औषधांची गाडी घेऊन त्याच वॉर्डात होते. शेजारच्या कॉटवरची बाई ओरडली, ‘अवो शिष्टर, ही थरथर करती!’ रंगूबाईंचे दात वाजत होते, हात कमरेकडे जात होता, आणि तरी त्या मला म्हणाल्या की थंडी वाजते जराशी, गोधडी द्या. आई, रक्त चढताना कंबर दुखली, थंडी भरली, छातीत दडपलं, तर ते ‘जराशी’ नसतं. मी नळी बंद केली, डॉक्टरांना बोलावलं, नवी सलाईन लावली. बाटलीतलं फार थोडंच गेलं होतं, म्हणून बाई वाचल्या. तरी मूत्रपिंडांवर आलं, डायलिसिसला न्यावं लागलं. घरी गेल्या त्या दिवशी मी एकटीच लिनेनच्या खोलीत जाऊन रडले.

त्यांचे यजमान, वाल्मीकदादा, इतके दिवस बाहेरच्या पायरीवर बसून असायचे. डॉक्टरांनी झालेलं सगळं त्यांना खरंखरं सांगितलं. मला वाटलं आता हा माणूस वॉर्ड डोक्यावर घेईल, आणि घेतला असता तरी त्याचं काय चुकलं असतं? पण ते आत आले, बायकोच्या उशाशी उभे राहिले आणि म्हणाले, ‘नाव घ्यायचं व्हतं ना माझं. म्या काय देव हाय व्हय?’ रंगूबाई तोंड फिरवून रडायला लागल्या. मला ते वाक्य झोपू देत नाही. कारण त्यांच्यावर ढकलून मोकळं व्हायला ती त्यांची चूक नव्हतीच. विचारणं आमचं काम, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबणंही आमचंच. संजना आता घरी बसून आहे, चौकशी चालू आहे. आम्हा सगळ्यांचं पुन्हा प्रशिक्षण झालं, शेवटी लेखी परीक्षा घेतली. सगळ्याजणी पास. आई, उत्तरं सगळ्यांना येतात गं. पिशवी हातात असताना, मागून चार जणी हाका मारत असताना, एका लाजणाऱ्या बाईसमोर थांबून राहायचं, ते कुठल्या पेपरात येत नाही.

तेव्हापासून मला तूच दिसतेस. गल्लीतलं संक्रांतीचं हळदीकुंकू दिसतं. एकेक बाई नाव घेत घेत तुझ्यापर्यंत येते, आणि तू चहा बघायला उठतेस. बायकांना वाटतं, कुसाबाई जुन्या वळणाची आहे. मला आणि योगेशला माहीत आहे की तुझं मानामुळे अडलेलं नाही. तो माणूस पेठला बदली होऊन गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला, त्या दिवसापासून आपल्या घरात त्याचं नाव कुणी घेतलेलं नाही. मी शाळेच्या फॉर्मवर लिहायचे तेव्हासुद्धा तू समोर नाहीस ना हे आधी बघायचे. तू आम्हाला कधी दटावलं नाहीस. तुझा चेहराच पुरे व्हायचा. त्या नावावाचून तू दोन पोरं वाढवलीस, शेत राखलंस, मला नर्सिंगला घातलंस. मी तुला कधीच म्हटलं नसतं की ते नाव घे. कशाला घ्यायचं?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. ऑपरेशन शुक्रवारचं सोमवारवर गेलं, ते डॉक्टर गावाला गेले म्हणून नाही. योगेशसमोर मी तसं खोटंच सांगितलं. रक्त जुळवायला तुझा नमुना घेतला तेव्हा योगेश चहा आणायला गेला होता आणि मी माझ्या वॉर्डात होते. सिस्टरनं तुला पूर्ण नाव विचारलं आणि तू सांगितलंस, कुसाबाई गंगाराम बोडके. तुझ्या वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. तिनं तू सांगितलंस तेच नमुन्याच्या बाटलीवर लिहिलं, आणि केसपेपरवर तर आधारकार्डावरचं नाव. रक्तपेढीतल्या मुलीनं नमुना परत पाठवला आणि मला फोन केला, की सिस्टर, ही तुमचीच आई ना, मग या दोन बायका कशा? तिनं परत पाठवला म्हणून मी तिचे फक्त पाय धरायचे बाकी ठेवले. आणि खरं सांगू? ‘कुसाबाई गंगाराम बोडके’ ऐकून माझा ऊर भरून आला. किती वर्षं ते नाव तू आत सांभाळून ठेवलं होतंस आणि आम्हाला पत्ता नव्हता. तू बरी हो, टाके सुकू दे, मग आपण दोघी जाऊ आणि आधारवर, रेशनकार्डावर, सगळीकडे तेच नाव लावून घेऊ. मी रजा काढते. पण सोमवारी सकाळी पुन्हा नमुना घेतील, पुन्हा विचारतील. बाटली लावताना विचारतील, ऑपरेशनच्या खोलीच्या दारात विचारतील, आणि तिथं मला आत सोडणार नाहीत. मी बाहेरच्या बाकावर असेन, इतरांसारखीच, हात जोडून. तिथं कुणी घाईत ‘असू दे मावशी’ म्हणालं तर तू असू देऊ नकोस. मान हलवू नकोस, हसू नकोस. प्रत्येक वेळी सांग, कुसाबाई खंडेराव सांगळे. राग येऊ दे, शिवी घालून घे, नंतर चूळ भर. पण मोठ्यानं घे आई, दाराबाहेर मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं.

तुझीच,
उज्वला