शिशाचं दार

१४ मार्च

वहिनी,

नमस्कार. दादाचं दुसरं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. पिल्लूचा ताप उतरला का? मी बरा आहे. ओठाचे टाके निघाले, कानात मात्र अजून घूं घूं चालू असतं.

तुम्ही लिहिलंत, "भावजी, तुम्ही जवळ होतात म्हणून हे वाचले." ते वाचून मी कागद चुरगळला. मग सरळ करून पुन्हा वाचला. म्हणून हे लिहितोय.

आधी ओठाचं. कपाटाचा कोपरा लागला नव्हता. दादाने मारलं. डोकं भिंतीवर आपटलं, दोनदा. आणि ते बरोबरच केलं.

आठ महिने आम्ही धातूच्या पातळ पत्र्यावर हलक्या अणूंचा मारा करत होतो, हे तुम्हाला माहीत आहे. दोन केंद्रं एकमेकांना चिकटली, तर आजवर कुणी न पाहिलेलं मूलद्रव्य मिळणार. एवढं जड केंद्र टिकत नाही. आतले कण एकमेकांना ढकलतात आणि पापणी लवायच्या आत ते फुटतं. दादा म्हणायचा, आपलं काही सेकंद तग धरेल. त्या सेकंदांवर त्याने सगळं आयुष्य लावलं होतं. हाती काहीच लागेना. विभागप्रमुख भर बैठकीत म्हणाले, "दोघे भाऊ राख फुंकताहेत." दादा हसला, आणि बाथरूममध्ये जाऊन आरशावर मूठ मारली. काचा मी वेचल्या.

त्याच आठवड्यात मी संगणकातल्या नोंदींत चार खोट्या ओळी घातल्या. एक केंद्र बनलं, सात सेकंद टिकलं, मग एकेक कण फेकत संपलं. दादाने मला उचलून गरागरा फिरवलं. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

पुढे दुसऱ्या एका प्रयोगशाळेने तोच प्रयोग केला. त्यांच्या हाती भोपळा. दादाने यंत्राची मूळ नोंद काढून पाहिली. तिच्यात त्या चार ओळी नव्हत्याच. त्याला ते कळलं त्या दुपारी पत्रा बदलायला मशीन थांबवलं होतं. मशीनच्या खोलीच्या उघड्या दाराशी आम्ही दोघंच होतो.

"तू केलंस?"

"तुझ्यासाठी केलं."

तेव्हा त्याने मारलं. तोंडात रक्त घेऊन मी म्हणालो, "तुझ्यात धमक नव्हती, म्हणून मला करावं लागलं."

तो थांबलाच. "आजच सगळ्यांना कळवतो," एवढंच म्हणाला आणि आत शिरून, उजव्या हाताने मागची चौकट धरून पत्रा काढायला वाकला.

किरणं अडवायला ते दार शिशाचं आहे, दोन टनांचं. बटण माझ्या खांद्याशी होतं. त्याचा हात मला दिसत होता, वहिनी. मी दाबलं.

ते दार सावकाश सरकतं. थांबवायचं लाल बटण शेजारीच होतं. मी बोटांकडे बघत उभा राहिलो. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला, तो ओरडला, तेव्हा कुठे मी लाल बटण दाबलं. रुमाल बांधून त्याला खाली नेलं, तेवढंच तुमच्यापर्यंत पोचलं.

गाडीत पांढराफटक पडलेला असताना तो म्हणाला, "बटणाला माझाच धक्का लागला. कळलं? तिला काही बोलायचं नाही." आता त्या चार ओळीही स्वतःच्या नावावर घेतोय. चौकशी समितीला तसं लिहून देणार आहे.

आज सकाळी मी त्याच्या आधी जाऊन सही करून आलो. समितीला चार ओळींचं सांगितलं. दाराचं पोलिसांना सांगायला आता निघालोय. दादा चिडेल. चिडू दे. त्याला सांगा, सोडवायला येऊ नकोस, आलास तरी मी भेटणार नाही.

माफी मागत नाही. तुम्ही द्याल, याचीच भीती वाटते.

तुमच्या नवऱ्याचा हात चिरडणारा,
त्याचा सख्खा धाकटा भाऊ