खिडकीची खोली आणि माकडांचं अंजीर

मी, फेरूजा आइत वाली, वय एकोणऐंशी, निवृत्त शिक्षिका, राहणार इघिल उझरू, जुर्जुरा डोंगराच्या उतारावर, गावातलं शेवटचं घर, त्यापुढे फक्त जंगल. हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. गुडघ्यांबद्दल मी काही लिहून देत नाही. दडपण कोणाचंही नाही. भाच्याने आणून पाहिलं, पण कॉफी पिऊन तो परत गेला.

कलम पहिलं, घर. वारस असताना बाहेरच्याला तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नये, असा कायदा आहे. माझ्या घराला सारख्या मापाच्या तीन खोल्या आहेत, त्यामुळे वकिलाचं काम वाचलं. स्वयंपाकाची आणि मागची अशा दोन खोल्या माझा भाचा युबा याला. त्याला तिथे पाहुण्यांचं लॉज काढायचं आहे. "आत्या, शहरातली माणसं माकडं बघायला हवे तेवढे पैसे मोजतात," असं तो मला सांगत होता. मी म्हटलं, "मग माकडं तुमच्या बिल्डिंगीतच बसव की, माणसांना इतक्या लांब कशाला आणतोस?" पोरगा हसला. मनाने वाईट नाही, फक्त घाईत असतो.

कलम दुसरं. पुढची, गल्लीकडे खिडकी असलेली खोली तिच्यातल्या सगळ्या पुस्तकांसह गावसभेला. पुस्तकांना कुलूप लावू नये. पुस्तक परत आलं नाही तर ओरडू नये, कुणाच्या तरी उशाशी असेल. डागाळून आलं तर ऑलिव्हचं तेल आहे की कॉफी हे पाहावं आणि त्यावरून घर ओळखावं. मी तसंच करत आले.

कलम तिसरं, अंजिराचं झाड. आमच्याकडे जमीन एकाची आणि तिच्यातलं झाड दुसऱ्याचं असू शकतं, म्हणून मागच्या अंगणातलं झाड मी युबाच्या वाट्यातून वेगळं काढते. ते नावाला सभेचं, खाण्याला माकडांचं. याचं कारण गावाला पाठ आहे, तरी पुढच्या पोरांसाठी लिहिते.

सभेने हंगाम पुकारेपर्यंत गावात कोणी अंजीर तोडायचं नाही, हा बापजाद्यांचा नियम आहे आणि चांगला आहे. त्यामुळे गरिबाचं झाडही पिकेपर्यंत टिकतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात माकडांच्या टोळीने माझं झाड आधीच झोडपलं आणि सभा भरते त्या दगडी ओट्यावर बसूनच अंजिरं खाल्ली. देठं ओट्यावर, झाड माझं, म्हणजे गुन्हेगार मी. तेव्हाचे सभाप्रमुख दा मझियान (दा म्हणजे आमच्याकडचा दादा) यांनी निरोप धाडला: "फेरूजाच्या घरातल्या पुरुषाने सभेपुढे माफी मागावी."

माझ्या घरात पुरुष एकच होता, बोका. मी कळवलं, "माझी मीच येते, उभी राहते आणि बोलते." बाईमाणूस सभेत येत नाही, असं उत्तर आलं. मग मीही हट्टाला पेटले. सभेने मला वाळीत टाकलं: फेरूजाशी कोणी बोलायचं नाही. झऱ्यावर बाया माझ्याकडे पाहून डोळे मिचकावायच्या आणि घागर उचलून निघून जायच्या. खरं सांगते, पहिले काही दिवस रडले.

मग लक्षात आलं, बोलायला बंदी आहे, ऐकायला नाही. संध्याकाळी खिडकी उघडली आणि मोठ्याने वाचू लागले. आधी समोरची म्हातारी आली, वाटाणे सोलत बसली. हळूहळू गल्ली भरली. सगळ्यांच्या मागे, घराकडे पाठ करून, एक काठी येऊन बसायची; ती दा मझियानची. एका संध्याकाळी गोष्टीतलं जहाज फुटलं, नायक पाण्यात पडला आणि मी मुद्दाम पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी वाचलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. शेवटी काठी उठून खिडकीखाली आली आणि म्हणाली, "अगं बाई, तो पोहतो की बुडतो, तेवढं तरी सांग!"

सभाप्रमुखानेच बंदी मोडली! शुक्रवारी त्यांनी सभेपुढे उभं राहून स्वतः माफी मागितली. फेरूजापायी एका पुरुषाची माफी मिळाली, असं म्हणून सभेने प्रकरण मिटवलं. मात्र ज्या जागी मला उभं राहायचं होतं, तिथे मी आजपर्यंत उभी राहिलेली नाही. त्याचं दुःख आहे, ते लपवत नाही.

कलम चौथं. म्हणून खिडकीच्या खोलीला एक अट आहे. जो कोणी ती सांभाळील, बाई असो वा पुरुष, त्याला सभेच्या दगडी ओट्यावर बसायची आणि बोलायची जागा मिळावी. सुरुवातीला ही खोली तिझिरीने सांभाळावी. जुळ्या मुलांची आई आहे, सगळ्या गावाशी भांडते आणि भांडण संपेपर्यंत उठून जात नाही. गाव चालवायला याहून जास्त काय लागतं? सभेला अट मान्य नसेल तर ही खोलीही युबाला जाईल आणि पुस्तकांच्या जागी पलंग येतील. दा मझियान आता सभाप्रमुख नाहीत, पण गाव अजून त्यांच्याच तोंडाकडे बघतं. म्हणून त्यांनाच साक्षीला बोलावलं आहे.

कलम पाचवं, किरकोळ. रानडुकरांना हाकलायचा पत्र्याचा डबा आणि दांडकं शेजारच्या कमेलाला. डुकरांनी कुंपण तोडलं तर दुरुस्त करावं, पण मनाला लावून घेऊ नये. जंगलाला जमिनीचे कागद वाचता येत नाहीत. माझ्या बागेत दरवर्षी शेळी सोडणाऱ्या शिंप्याला मी क्षमा केली आहे. शेळीला नाही.

एवढं वगळता माझं कोणाशी वैर नाही. मजेत जगले.

स्थळ: इघिल उझरू. तारीख: ३ नोव्हेंबर २०२२, गुरुवार.
सही: फेरूजा आइत वाली

साक्षीदार पहिली: कमेला, शेजारीण. माझ्यासमोर लिहिलं. डबा मिळाला, आभारी आहे.

साक्षीदार दुसरा: मझियान. सगळं दोनदा वाचलं. चौथं कलम मला मान्य नाही. त्यासाठी तू मरायची वाट कोण बघणार? उद्या शुक्रवार आहे. ओट्यावर माझ्या शेजारची जागा झाडून ठेवतो. तिझिरीलाही घेऊन ये. आणि बाई, उभी राहून बोल, बसून नको. इतकी वर्षं आम्ही ऐकायला थांबलो आहोत.