खुब्यातलं औषध

निजामपुरा, भिवंडी
२० डिसेंबर २०२४

ती. कमळामावशीस,
सुचेताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला भांडायचं आहे, म्हणून पत्र. शाळेत घटक चाचण्या, घरी दिवसभर कुणी नाही, म्हणून आईला तुझ्याकडे विसाव्याला पाठवलं. तिचा खुबा बदलून तीन आठवडेही झाले नव्हते. टाके काढून दोन दिवस होतात न होतात तोच तू तिला गणेशपुरीच्या गरम कुंडात उतरवलंस! गावभरची माणसं डुंबतात त्या पाण्यात. चौथ्या दिवशी ताप, आठव्या दिवशी पू. परवा जखम पुन्हा उघडून धुतली. आत औषध भरलेले खडूसारखे मणी ठेवलेत. ते विरघळत जागच्या जागी जंतू मारणार. सहा आठवड्यांत शमलं नाही, तर नवा सांधाच काढून टाकावा लागेल. मग आई चालणार कशी?

डॉक्टरांनी विचारलं, पाण्यात कोणी नेलं. सख्ख्या बहिणीने, हे सांगताना मला लाज वाटली. काकांना नमस्कार सांगायचं मनात नाही, पण सांग.

रागावलेली, तरी तुझीच भाची,
सुचेता


गणेशपुरी
२४ डिसेंबर २०२४

चि. सुचेतास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही तुझी जुनी खोड. ऑपरेशननंतर तूच लिहिलंस ना, की सांधा बसवायच्या सिमेंटातच अँटिबायोटिक कालवलंय, ते आतून पाझरत राहतं, आता जंतूंची काय बिशाद? ते पत्र मी ताईला वाचून दाखवलं. औषध आतच आहे तर पाण्याचं भय कसलं, असं तीच म्हणाली. आमच्याकडे हाड दुखलं की माणूस कुंडावर जातो. मी नेलं. डॉक्टरांना विचारलं नाही, हे माझं चुकलं.

आता ताईने घातलेली शपथ मोडते. ती रिक्षातून उतरली तेव्हाच पट्टी ओली होती. टाके काढले त्या संध्याकाळपासून पाझरत होतं म्हणे. तुला रजा मागावी लागेल, हेडमास्तर बोलतील, म्हणून वरून दुसरी पट्टी गुंडाळून आली. मी पाहूनही गप्प बसले. पण तू तर तिला हाताला धरून रिक्षात बसवलंस; तुला दिसलं नाही?

आशीर्वाद आहेतच, रागासकट.
तुझी मावशी


भिवंडी
३ जानेवारी २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांना ओल्या पट्टीचं सांगितलं. ते म्हणाले, जंतू तेव्हाच शिरले असावेत. कुंडाने भर घातली असेल, नक्की सांगता येत नाही. सिमेंटातलं औषध म्हणजे सुरुवातीचा पहारा, हमी नव्हे. पट्टी ओली झाली त्याच दिवशी आणायला हवं होतं.

मग मी आईवर रागावले. मला का नाही सांगितलंस, असं विचारलं. ती म्हणाली, तुला काही सांगायला गेलं की तू आधी घड्याळ बघतेस.

ताप उतरलाय, सांध्याचं अजून कळत नाही. काल ती कण्हत होती. विचारलं, तर दुखत नाही म्हणाली. माझ्याशी ती खोटं बोलते, मावशी. तुझ्याशी नाही बोलत. सहा आठवडे पुरे होईपर्यंत इथे येऊन राहा. पट्टी रोज मी बघेन. दुखतंय का, ते तू विचार.

तुझ्या पायांवर डोकं ठेवून,
सुचेता