घासूनपुसून लख्ख केलेली काथवट

हियुमा बेट. बटाटे काढून झालेत, तारीख टपालाच्या शिक्क्यावर बघ.

प्रिय माइमू,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, नको असले तरी घे. शाळेत ट्रॉयमानबाई शिकवायच्या, की पत्रात आधी दुसऱ्याची प्रकृती विचारावी आणि आपलं रडगाणं मग लावावं. म्हणून विचारते, तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या योरमाचा रक्तदाब उतरला का? त्याने दातांचा दवाखाना मुलीकडे सोपवला, की अजून स्वतःच लोकांच्या तोंडात हात घालतो? आणि तिकडे फिनलंडात, तुमच्या तुर्कूत, तो मधोमध भोक पाडलेला पाव अजून खातात का? (राग मानू नकोस. पावाला भोक पाडणारे लोक शेजारी म्हणून चांगले, पण बहिणीचं सासर म्हणून मला ते आजही पटलेले नाहीत. तुझ्या लग्नात आईने मला कानात विचारलं होतं, त्या भोकाचेही पैसे घेतात का गं?)

इकडे आम्ही बरे आहोत. आमच्या घरधन्याचे, हैनोचे, डोळे अधू झालेत, पण मासे दिसतात. समुद्र होता तिथेच आहे. बाकी बेट मात्र तू ओळखणार नाहीस, कारण इथे आता कुणीही साधा माणूस उरलेला नाही, सगळे कारागीर झालेत. सामूहिक शेतीवर ट्रॅक्टर दुरुस्त करणारा काल्यू आठवतो? तो जुनिपरच्या फळांची दारू गाळतो. पूर्वीही गाळायचा, पण तेव्हा पोलीस यायचे, आता पर्यटक येतात. बाटलीवर ‘हातांनी बनवलेली’ असं छापलंय. काल्यूचे हात ज्याने पाहिलेत, त्याला हे छापणं शहाणपणाचं वाटणार नाही. शेजारची एन्डला चपट्या माशांना धुरी द्यायची, ती आता धुरी दिलेल्या माशाचं आइस्क्रीम विकते. टालिनची माणसं पहिला चमचा खाऊन गप्प होतात, मग त्याचा फोटो काढतात आणि उरलेलं कुत्र्याला देतात. (कुत्राही फोटोपुरताच थांबतो.) आपल्या लहानपणी, माइमू, आपण सगळंच हातांनी करायचो, कारण दुकानात मिठाशिवाय काही नसायचं. पण त्याला तेव्हा कला म्हणत नसत. टंचाई म्हणत.

या साथीत मीही सापडले. तार्मो आणि सूनबाई टालिन सोडून इथे राहायला आले, हे मी नाताळच्या कार्डात कळवलं होतं. कॅटलिन वाईट मुलगी नाही, हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तू उगाच खूश होणार नाहीस. कामाला वाघ आहे. पहिल्याच हिवाळ्यात तिने माझा काळा पाव खाल्ला आणि म्हणाली, आई, हे लोकांपर्यंत पोचलं पाहिजे. मी म्हटलं, लोकांना पत्ता माहीत आहे. पण तिने कागदी पिशव्या छापून आणल्या. त्यावर माझा फोटो, डोक्याला रुमाल बांधलेला. मी जन्मात रुमाल बांधला नाही, तो तिनेच बांधला. खाली लिहिलं, ‘शंभरावर वर्षं जिवंत असलेल्या आंबवणाचा पाव’. हे मात्र खरं होतं. माझ्याबद्दल छापलेल्या मजकुरात तेवढंच खरं होतं.

पाव खपू लागला. मला आवडलंही, कशाला खोटं बोलू? एन्डला माझ्याकडे आंबवण मागायला आली, तेव्हा मी तिला साफ नाही म्हटलं. आईचा नियम तुला ठाऊक आहे, आंबवण उंबऱ्याबाहेर गेलं की घराची बरकत त्याच्या मागोमाग जाते, ते द्यायचं फक्त सासरी निघालेल्या मुलीला. एन्डला म्हणाली, “मग मला दत्तक घे ना, साल्मे, मी अजून लग्नाची आहे.” मी ऐकलं नाही. कॅटलिनलाही दिलं नाही. तिला म्हटलं, वेळ आली की देईन. वेळ म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आपल्या घरात कुणी कुणाला विचारत नाही आणि कुणी कुणाला सांगत नाही. त्याला आपण मर्यादा म्हणतो.

ऑगस्टमध्ये घरोघरी चहा-कॉफी मांडायचे दिवस असतात ना, लोक आपापल्या अंगणात टेबलं लावतात आणि सारी मुख्य भूमी फेरीबोटीतून उतरून आपल्या गवतावर येऊन बसते? यंदा त्यात ‘बेटाचा उत्तम घास’ अशी स्पर्धा होती. परीक्षक टालिनहून येणार, सोबत फोटोवाला. त्याच्या आदल्या दिवशी मी पिवळी अळंबी आणायला रानात गेले. (कुठे, ते विचारू नकोस. तू आता फिनलंडची.) परत आले तर विहिरीला टेकवून, उन्हात, आपली काथवट उभी. वडिलांच्या आजोबांनी ओकच्या लाकडात कोरलेली, काळीभोर झालेली आपली काथवट, आणि ती पांढरी झालेली. नव्या शवपेटीसारखी.

कॅटलिनने ती सोडा घातलेल्या उकळत्या पाण्याने, तारेच्या घासणीने घासली होती. हाताची बोटं सोलवटली होती पोरीची. म्हणाली, “आई, तुम्ही एवढ्या राबता, म्हटलं निदान एवढं तरी आपण करावं. तळाशी काहीतरी वाळून घट्ट बसलं होतं, पिठाखाली. जाता जात नव्हतं. पण गेलं शेवटी.”

तू काय विचारणार ते माहीत आहे, की आंबवण काथवटीच्या तळाशीच वाळवून ठेवतात, एवढंही तिला कसं कळू नये. तर ऐक. टालिनचे लोक आंबवण काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवतात. त्याचं बारसं करतात. सुट्टीवर निघाले की शेजाऱ्याकडे सांभाळायला देतात, वर ते खातंय ना म्हणून फोन करतात. आपल्या फ्रिजमध्येही एक बरणी होती, फडकं बांधलेली. कॅटलिनला वाटलं तेच ते, शंभर वर्षांचं. एवढी वर्षं ती त्या बरणीला वळसा घालून दूध काढायची, तोंडासमोर कधी शिंकली नाही. आईचं आंबवण आईच उघडेल, असं तार्मोलाही बजावून ठेवलं होतं. त्या बरणीत हैनोच्या गळाच्या अळ्या होत्या.

मी काय म्हटलं विचारशील. मी म्हटलं, “छान. लख्ख झाली.” मग अंघोळीच्या सौनाघरात जाऊन बसले. विस्तव नव्हता, सगळं थंडगार होतं. पाव हातून पडला तर उचलून त्याला ओठ लावायचे, एवढं आईने शिकवलं होतं. काथवटीला काय करायचं ते शिकवलं नव्हतं. मी बाहेर आले, तेव्हा कुणी बघत नाहीसं पाहून तिच्या तळाला ओठ लावले. सोड्याची चव होती. फटी नखाने खरवडून पाहिल्या, काही निघतंय का म्हणून. पोरीने एक फट सोडली नव्हती. असं मन लावून माझ्यासाठी आजवर कुणी काही केलेलं नाही, हे तिच्या बाजूने लिहिलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी परीक्षक येणार होते. एन्डलाकडे तिचं आंबवण मागायला कुठल्या तोंडाने जाऊ? म्हणून कार्डला गावच्या दुकानात गेले आणि आंबवणाच्या भुकटीचं पाकीट घेतलं, कुणाला दिसू नये म्हणून वर मांजराच्या खाऊची मोठी पिशवी ठेवली. गल्ल्यावर एन्डलाची भाची. तिने विचारलं, मांजर कधी आणलंत? मी म्हटलं, आणायचं आहे. (आता आणावं लागेल. खाऊ ओसरीत पडून आहे आणि भाची येता-जाता मांजराचं नाव विचारते.)

मग मी तो पाव भाजला. पाकिटावर लिहिलं होतं तसा तो फुगला, आज्ञाधारकपणे. आईचं आंबवण थंडीत रुसायचं, पाहुणे येणार कळलं की हटकून बसून राहायचं, त्याची मनधरणी करावी लागायची. याला कसली मनधरणी? पाकीट म्हणालं तेव्हा हा वर आला.

परीक्षकांतला दाढीवाला तरुण, त्याने घास तोंडात ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच राहिला. मला वाटलं, ओळखलं. मनातल्या मनात म्हणत होते, ओळख बाबा, कुणीतरी ओळखा. त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, “यात तीन पिढ्या जिभेला लागतात.” पहिला नंबर आला. लाकडी फळी दिलीय, भिंतीवर लावायची. काल्यूच्या दारूला काही मिळालं नाही, म्हणून तो मला म्हणाला, तुझं बरं आहे, साल्मे, तुला नुसतं आईचं नाव सांगायचं. एन्डलाने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली की यंदाचा पाव नेहमीपेक्षा हलका झालाय. हे तिने कौतुक म्हणून म्हटलं की काय, ते तिचं तिला माहीत. कॅटलिन रडली, आनंदाने. आम्हा सगळ्यांत डोळ्यांतून पाणी काढलं ते एकट्या तिने.

आणि हैनो. माझ्या हातचा पाव तो लग्नापासून खातो आणि लग्नापासून एकच वाक्य म्हणतो, ‘खाण्याजोगा आहे.’ यापेक्षा जास्त आपल्याकडचा पुरुष स्वतःच्या घरात बोलत नाही आणि बोलला तर बायकोने डॉक्टरला बोलवावं. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्याच्यापुढे दोन काप ठेवले. त्याने एक खाल्ला. मग लोणी मागितलं. (माझ्या पावाच्या पहिल्या कापाला तो लोणी लावत नाही, तुला माहीत आहे.) दुसरा खाल्ला, चाकू ताटात आडवा ठेवला आणि म्हणाला:

“चांगला आहे. आभारी आहे.”

माइमू, चांगला आहे, असं तो लोकांच्या घरी म्हणतो. एन्डलाच्या आइस्क्रीमला तो चांगलं म्हणाला होता. त्याने ओळखलं. सगळ्या बेटात त्या एकट्याने ओळखलं, आणि विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. तेव्हापासून तो रोज जेवताना ताठ बसतो, हळू चावतो, चांगला आहे म्हणतो आणि आभार मानतो. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर मी माझ्याच स्वयंपाकघरात खाणावळीची मालकीण झालेय, आणि समोर बसलेला पाहुणा इतका सभ्य आहे की कधीतरी जाईल निघून, असं वाटतं.

असो. तुझ्यामागे तुझी कामं असतील. हे सगळं नुसतं बातमी म्हणून लिहिलं, त्यात काही विशेष नाही. नाताळच्या कार्डात आणखी लिहीन. योरमाला नमस्कार. मुलीला प्रेम.

तुझी
साल्मे

ता. क. बरं आठवलं. तू निघालीस तेव्हा आईने पिठात घोळवून दिलेला आंबवणाचा गोळा, जो जहाजावर फुगून तुझ्या लग्नाच्या ब्लाउजवर आला होता, तो अजून आहे का? म्हणजे त्यापासून चालत आलेलं आंबवण? असलं तर थोडं कागदावर पातळ पसरून वाळव, चुरा कर आणि पाकिटात घालून पाठव. घाई नाही. पण लगेच पाठव.

ता. क. २. तू लहानपणापासून कधी एक भांडं धड घासलं नाहीस. आई म्हणायची, माइमूच्या हाती फडकं दिलं की फडकंच मळतं. मीही म्हणत आले, योरमाला लग्नात तोंडावर म्हटलं. देव करो आणि तू तिळभरही बदललेली नसावीस.

ता. क. ३. आईच्या मातीला आलीस तेव्हा तू तुझा पाव आणला होतास. मी तो टेबलाच्या टोकाला ठेवला होता, भोकवाल्या देशातून आलाय म्हणून. हैनोने उठून टोकापर्यंत जाऊन एक काप घेतला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, खाण्याजोगा आहे. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते. (त्याला ते कळलं नाही.) तेव्हा तुझ्याकडे ते आंबवण होतं, हे मला माहीत आहे.

ता. क. ४. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात हैनो आला. कुणाला, म्हणाला. मी म्हटलं, माइमूला. तो खिडकीशी जरा उभा राहिला, मग बूट घालू लागला. टपाल दुपारी उचलतात, सायकलने जाऊन टाकून येतो म्हणाला. बाहेर पाऊस आहे, आणि ह्या माणसाने आजवर कशाची घाई केलेली मी पाहिलेली नाही, तार्मोच्या जन्माचीसुद्धा. मी म्हटलं, थांब, काही लिहायचंय का तुला? दारात उभा राहून त्याने बराच विचार केला. आता तो हात पुढे करून उभा आहे, म्हणून त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते:

“तिला म्हणावं, आंबवण पाठव. भोक तिकडेच राहू दे.”