बैल मिळून आले नाहीत

८ जानेवारी १९५८, बुधवार

मोटार गेली! आम्ही दोघं आहोत – माझ्या कपाळाला टेंगूळ, ह्यांचा डावा गुडघा सुजलेला. मोटार मात्र चुडाव्याच्या अलीकडच्या नाल्यात चारी चाकं आभाळाकडं करून पडलीय. चारी तरी कुठली, तीनच. चौथं लांब मेंढरांत सापडलं.

चालवत मी होते. शिकाऊ परवाना महिन्यापूर्वी काढला, तोही ह्यांच्याच हट्टानं. मी नको नको म्हणत होते. आता मला सवय लागली तर मोटारच गेली!

शेजारी हे मास्तरासारखे बसलेले – "क्लच हळू सोड. हळू!" तेवढ्यात डावीकडच्या बांधावरून येडबा धनगराची मेंढरं रस्त्यावर उतरली. शंभर तरी असतील. मी ओरडले, "मेंढरं!" तर हे विचारतात, "कुठं?" अहो, कुठं काय! ह्यांच्याच बाजूनं, ह्यांच्या कोपरापाशी! मोठे वकील ना. पुरावा पुढ्यात ठेवल्याशिवाय मानायचं नाही.

मी स्टिअरिंग फिरवलं. मेंढरं वाचली, आम्ही नाल्यात.

९ जानेवारी

येडबा सकाळीच पूर्णेला घरी आला, घोंगडं खांद्यावर. "बाई, तुमच्यामुळं एक बी कोकरू गेलं न्हाई." तांब्याभर दूध आणलं होतं. ओसरीवर ठेवलं, तर ह्यांनी येता येता पायानं लवंडलं. ह्या आठवड्यातला तिसरा तांब्या! म्हटलं, मोटार मी पाडली, तांबे तुम्ही पाडा. फिटंफाट.

हसले. मग म्हणाले, विमा तीन हजारांचा आहे. नीट भरपाई मिळाली तर दुसरी जुनी मोटार घेऊ. न्हाई तर जिंतूरच्या तारखांना एसटी. म्हणजे माझं शिकणंही एसटीत गेलं! चाळिशी उलटल्यावर हाताला एक नवी गोष्ट लागली होती. ती अशी जाऊ द्यायची नाही मला.

१२ जानेवारी

चुडाव्याचे पोलीस पाटील दत्तराव पंचनाम्याची नक्कल देऊन गेले. बिचाऱ्यांनी आजवर बैलगाड्यांचेच पंचनामे लिहिलेले. मी वाचला आणि पदर तोंडाला लावून आत पळाले. इथं उतरवूनच ठेवते –

"वकील आबासाहेब यांची गाडी नाल्यात उलटी मिळून आली. बाई गाडी हाकीत होत्या. मालक शेजारी बसून होते. येडबाची मेंढरे आडवी आल्याने बाईंनी गाडी वळविली. चाके तीन जागेवर, एक मेंढरांत. बैल मिळून आले नाहीत."

बैल मिळून आले नाहीत! मी ह्यांना म्हटलं, शोधायला माणसं पाठवा.

१४ जानेवारी

संक्रांत. हळदीकुंकवाला शेजारच्या कमलबाई आल्या. तिळगूळ हातावर पडायच्या आधी तक्रार – "वकीलसाहेब लय ताठलेत हो. आमच्या मालकानं ठेसनावर बाजूनं रामराम घातला, तर बघितलं बी न्हाई!" म्हटलं, मोटार गेली हो, पण मोटारवाल्याची मान अजून वळत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

विम्याच्या अर्जावर भांडण.

'अपघातसमयी गाडी कोण चालवत होते?' ह्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं – 'स्वतः'. मी म्हटलं, हे खोटं आहे. "राहू दे गं." राहू दे कसं? पंचनाम्यात बाई लिहिलंय. "लोक विचारतील, बायको कशाला चालवते म्हणून."

घ्या! शिकवायचं ह्यांनी, आणि लाजायचंही ह्यांनीच. कोर्टात खोटी साक्ष देणाऱ्याला घाम फोडणारा माणूस, घरात बसून खोटं लिहितोय. मला इतका राग आलाय की दुपारच्या भाकरी करपल्या. त्याच वाढल्या.

२१ जानेवारी

हैदराबादहून विम्याचे साहेब आले. बन्सीधर. टांग्यातून नाल्यावर जाऊन मोटार बघून आले, हातपाय धुतले, गुळाच्या चार पोळ्या खाल्ल्या आणि म्हणाले – बाराशे.

तीन हजारांचा विमा आणि बाराशे!

"ये पंचनामा तो बंडी का है, बैलगाडी का, वकीलसाब. बाई हाकीत होत्या. बैल भी गायब! मोटर का पंचनामा लाओ." तो मिळेपर्यंत मोटार नाल्यात पडायच्या आधीच खटारा होती असं धरणार. मी दाराआडून ऐकत होते. हे एका शब्दानं सांगत नाहीत की हाच मोटारीचा पंचनामा आहे. सांगतील कसे? सांगितलं तर 'बाई' आलीच.

बन्सीधर शनिवारपर्यंत पूर्णेत आहेत. जाताना सही घेणार.

२२ जानेवारी

बाराशेत भोंगा येईल. आणि ते मेंढरांतलं चाक.

२५ जानेवारी, शनिवार

आज काय झालं! सगळं लिहिते.

बन्सीधर ओसरीवर सही घ्यायला बसलेले. तेवढ्यात दत्तराव पाटील आले. आपला पंचनामा बंडीचा ठरवला हे त्यांच्या कानावर गेलेलं. रामराम नाही की काही नाही –

"बंडीचा? आवो साहेब, बाई गाडी हाकीत व्हत्या म्हंजी हाकीतच व्हत्या. म्या सोता इचारून लिवलंय. खाली येडबाचा अंगठा हाय!"

"और बैल?"

"न्हवतेच! म्हणून तर लिवलं, मिळून आले न्हाईत. समदं लिवावं लागतं."

बन्सीधर पोट धरून हसले. हसता हसता थांबले. पिशवीतून अर्ज काढला. "इसमें तो लिखा है, वकीलसाब खुद चलारे थे."

हे आपले कोटाच्या गुंडीशी चाळा करायलेत.

"झूट लिखे तो कंपनी एक पैसा नै देती, वकीलसाब."

 मी दाराआडून बाहेर आलेच. म्हटलं, "मी चालवत होते. हा माझा शिकाऊ परवाना. हे शेजारी होते, ह्यांचा पक्का आहे. पंचनामा खरा, अर्ज खोटा. अर्ज अजून तुमच्या पिशवीतच आहे ना? मग फाडा, आणि कोरा द्या."

बन्सीधर माझ्याकडं बघत राहिले, मग ह्यांच्याकडं. ह्यांनी मान हलवली. "फाडा," म्हणाले.

मग भाव करायला बसले मी. बांगडीवाल्याशी घासाघीस करते तशीच, फक्त चहा जास्त पाजला. टायरांच्या पावत्या काढल्या, इंजिन दिवाळीत उतरवून बसवलं त्याचं बिल काढलं. बाराशेचे अठराशे झाले. सांगाडा तुम्हीच न्या म्हटलं, दोन हजार. तरी मी तीन हजारांवरच अडून बसले. शेवटी म्हणाले, "बाईसाब, गाडी पुरानी तो थी ना?" तेही खरंच. तीनशे जुनेपणाचे सोडले. सत्तावीसशे! पाटलांनी साक्षीची सही इतकी वळणदार केली की कागद पुरेना.

सगळे गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, बायको मोटार चालवते ह्याची एवढी लाज वाटते?  म्हणाले, "लाजच म्हण." आणि आत जाताना चौकटीला खांदा आपटला. बरं झालं, म्हटलं मनात.

१० फेब्रुवारी

चेक आला. सत्तावीसशे पूर्ण! कमलबाईंना मुद्दाम दाखवून आले.

१८ फेब्रुवारी

परभणीला जुनी मोटार बघितली, हिरवी. चोवीसशेत ठरली. मालक म्हणाला, वकीलसाहेब, एक चक्कर मारून बघा. हे म्हणाले, "मी न्हाई. ह्या बघतील." चारचौघांत! लाज गेली म्हणायची एकदाची. परवा आणायची. मला आज जेवण गेलं नाही, इतका आनंद झालाय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मोटार आणली आणि पूर्णा ओलांडून तशीच चुडाव्याकडं फिरवायला नेली. चुडाव्याचा नाला आला तसं हे हळूच म्हणाले, "मला ती मेंढरं दिसलीच न्हवती गं. दोन्ही बाजूंनी काळं झालंय. वर्ष झालं. हैदराबादचे डॉक्टर म्हणाले, समोरचं बी जाईल. म्हणून तुला शिकवलं. आंधळ्या वकिलाकडं कोण येतंय, म्हणून लपवलं."

आणि मी तांबे मोजून हसत होते.

मोटार थांबवली नाही. रडत रडत चालवली. थोड्या वेळानं म्हटलं, "डावीकडं ज्वारी उभी आहे. उजवीकडं बांधावर येडबा आहे, रामराम घालतोय. हात वर करा."

ह्यांनी केला.