भरायचं काही नाही

प्रिय चिमे,

सोमवारी सकाळी देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि काही न मागताच उठलो. मग कागद पिशवीत घालून करसल्लागार बाईंकडे गेलो. ठेवीच्या व्याजातून कर कापल्याची चिठ्ठी बँकेकडून आली होती. आपल्याला प्राप्तिकराचं विवरणपत्र भरावं लागतं का, एवढंच विचारायचं होतं. पंचवीस वर्षं पुस्तकबांधणी केली, पण हा प्रश्न माझ्यावर कधी आला नव्हता.

बाई म्हणाल्या, "काका, उत्पन्न मर्यादेखाली आहे, सक्ती नाही. पण भरा, कापलेला कर परत मिळेल." मी म्हटलं, "कर शून्य, मग भरायचं काय?" त्या हसल्या. "अहो, पैसे नाही, फॉर्म भरायचा!" मागे नंबर लावून बसलेला एक न्हावी म्हणाला, "शून्य भरायचं असेल तर माझा नंबर पहिला!" सगळे हसले. मी हळूच विचारलं, एखादीने मर्यादेखाली म्हणून भरलंच नाही, आणि कुणी कारण विचारलं तर? "गुन्हा थोडाच आहे काका? एक ओळ लिहून द्यायची." मी कागद पिशवीत कोंबले आणि उठलो.

तू शिवणाचे वर्ग घ्यायचीस, तेव्हा सलग तीन वर्षं विचारायचीस, "दादा, माझं भरायचं का रे?" घरात शिकलेला मी एकटा, तोही गावच्या शाळेत दहावीपर्यंत, पण रुबाब हेडमास्तरांचा. "भरायचं काही नाही," मी सांगायचो. भरणं म्हणजे पैसे भरणं, एवढंच माझ्या डोक्यात. सक्ती नव्हती, हे खरं. पण हवं तर भरता येतं, हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं धाकट्या बहिणीला सांगायला जीभ रेटली नाही.

मग तू एकटीने मूल दत्तक घ्यायचं ठरवलंस. संस्थेतल्या त्या दीड वर्षाच्या मुलीला भेटून आलीस आणि फोनवर कितीतरी वेळ नुसती तिच्या कानांबद्दल बोलत राहिलीस. अंदाजानेच फ्रॉक शिवलास, तोही थोडा मोठा, म्हणजे वर्षभर पुरेल. खोली बदलत होतीस म्हणून अर्जावर पत्ता माझा दिलास. कारण न देता नकार आला तेव्हा, "एकट्या बाईला कोण मूल देणार," असं तूच म्हणालीस, आणि मी मान डोलावली. सहा वर्षं झाली. ती डोललेली मान घेऊन मी रोज देवापुढे बसतो.

चिमे, नकाराच्या आधी संस्थेचं आणखी एक पत्र आलं होतं. तीन वर्षांची विवरणपत्रं पाठवा, नसतील तर कारण महिन्याच्या आत कळवा, एवढंच त्यात होतं. वाचून मी ते घडी घालून ठेवून दिलं. माझ्या सांगण्याने तुझं काहीतरी मोठं चुकलं, असंच वाटलं. आधी कुणाला तरी विचारू, मग तुला सांगू, असं करत महिना उलटला. तुला नकार मिळाला तो एकटी होतीस म्हणून नव्हे. त्यांनी विचारलेला प्रश्न मी तुझ्यापर्यंत पोचू दिला नाही. आज संस्थेत जाऊन हे सगळं लिहून दिलं. ती मुलगी एका घरी सुखात आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. माफी कोणत्या तोंडाने मागू? ते पत्र तुझ्या नावाचं होतं. या पाकिटात घालून तुझ्याकडे पाठवलं आहे.

तुझाच,
दादा